क्लच गेला, पण कुणाच्या पायाने?

वाचकहो, मागच्या अंकात आम्ही हिवाळी टायरांबद्दल लिहिले होते. त्यावर गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत तिघांनी गाठून एकच प्रश्न विचारला, "टायरचं ठीक आहे हो, पण तुमच्या त्या जीपच्या क्लचचं काय झालं?" बातमी आमच्या आधी मंडळात पोचली होती. सौ.ने सांगितली असणार. तेव्हा या वेळी क्लच.

आमची जीप म्हणजे २००२ सालची रँग्लर. चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, पाच गिअर आणि डाव्या पायाशी तिसरे पेडल. घरची दुसरी गाडी आपोआप गिअर बदलणारी, शहाण्या माणसाची. जीप आमच्या हौसेची. वडील पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या कामावरच्या जीपमध्ये ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसून आमचे लहानपण गेले, आणि मुलाने गाडी शिकावी ती गिअरचीच, असा आमचा हट्ट. त्या हट्टाची किंमत किती, हे या वर्षी कळले.

जून महिन्यात चिरंजीव गाडी चालवत होते, आम्ही शेजारी. डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघाले की डोंगराचा चढ लागतो. चौथ्या गिअरमध्ये त्याने ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, काटा तीन हजारांवरून साडेतीनवर गेला आणि गाडीचा वेग मात्र होता तिथेच. पाठोपाठ तो वास आला. जळक्या कागदाचा म्हणा, जळक्या ब्रेकचा म्हणा, पण एकदा घेतलेला विसरत नाही. आम्ही तिथल्या तिथे निकाल दिला, "तू जाळलीस प्लेट. तीन महिने सांगतोय, हाफ क्लचवर गाडी उभी करू नकोस." तो काही बोलला नाही. पुढच्या एक्झिटला वळून आम्ही परत आलो.

घरी हिशेब मांडला तेव्हा खरी अडचण दिसली. एका मोठ्या दुकानाने गाडी न बघता फोनवर आकडा सांगितला, २३५० डॉलर, "सगळं नवीन घालून." डिसेंबरात पुण्याला जायच्या तिकिटांसाठी वेगळे ठेवलेले पैसे साधारण तेवढेच होते. आईला भेटून दोन वर्षे झाली होती. दुसरीकडे, सप्टेंबरात कॉलेजला जाण्यापूर्वी बाप-लेकांनी जीपने उरे ते लेक सिटी जायचे, असे मुलाला दिलेले वचन. सौ. म्हणाली, "अहो, आधी नक्की काय बिघडलंय ते तरी बघा. इंजिनिअर ना तुम्ही?" हे लागले.

तर आधी निदान. क्लचच्या तक्रारी मुख्यतः दोन जातींच्या असतात आणि दोन्हींना लोक "क्लच गेला" असेच म्हणतात. घोटाळा इथेच होतो. पहिली जात, क्लच घसरतो: इंजिन फिरते, पण चाकांपर्यंत जोर पोचत नाही. दुसरी जात बरोबर उलटी, क्लच सुटत नाही: पेडल पूर्ण दाबले तरी गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो. पहिलीत बहुधा प्लेट झिजलेली असते. दुसरीत पुष्कळदा प्लेट ठणठणीत असते आणि दोष हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरमध्ये असतो.

दुसऱ्या जातीची परीक्षा सोपी. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच सुटत नाही असे समजावे. मग बॉनेट उघडून द्रवाची पातळी बघा, गाडीखाली वाकून स्लेव्ह सिलिंडरपाशी ओल आहे का बघा, कुणाला तरी पेडल दाबायला सांगून सिलिंडरची दांडी पुरेशी सरकते का बघा. चार-पाच वेळा भराभर पेडल मारल्यावर गिअर पडू लागला तर संशय पक्काच. आमच्या एका मित्राला त्याच्या जीपसाठी एका दुकानाने पूर्ण क्लच बदलायला सांगितला होता. शेवटी निघाला गळका स्लेव्ह सिलिंडर. तो गिअरबॉक्सच्या बाहेर, दोन नटांवर बसलेला. दोनशे डॉलरांच्या आत काम झाले. १९९४ पूर्वीच्या रँग्लरमध्ये मात्र हा सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत असे, म्हणजे तेवढ्यासाठीही गिअरबॉक्स उतरवणे आले. जुनी जीप घेताना हे ध्यानात असू द्या.

आमची तक्रार पहिल्या जातीची. तरी आधी फुकटच्या गोष्टी तपासल्या. पेडल पूर्ण वर येते का? आम्ही टाकलेली जाड रबरी चटई कुठे अडते का? (हसू नका, आम्ही खरोखरच चटई काढून पुन्हा चढावर गेलो. घसरायचे ते घसरलेच.) मग रिकाम्या पार्किंगमध्ये, पुढे-मागे कुणी नाही असे पाहून, हँडब्रेक ओढून आणि ब्रेकवर पाय ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. चांगल्या क्लचचे इंजिन तत्क्षणी बंद पडते. आमचे दोन-तीन सेकंद कण्हत राहिले आणि मग पडले. ही परीक्षा एकदाच करा, कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवत बसू नका. प्रत्येक वेळी उरलीसुरली प्लेट जळते.

आवाजाबद्दलही दोन शब्द. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग. न्यूट्रलमध्ये घरघर असेल आणि पेडल दाबताच थांबत असेल तर दुखणे गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचे, आणि तो खर्च निराळा. आमच्याकडे पेडल दाबल्यावर बारीक किरकिर होती. आम्ही ती लिहून ठेवली आणि विसरलो.

एक गोष्ट मात्र छातीत धस्स करणारी दिसली. बेल हाउसिंगच्या खालच्या कडेला तेल. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून गळणारे तेल प्लेटवर गेले तर नवी प्लेटही वाया. दुकानदार लगेच म्हणतात, गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर सीलही बदलून टाकू. पण या चार लिटरच्या इंजिनात ते सील दोन तुकड्यांचे असते आणि खालून, ऑइल पॅन उतरवून बदलतात. गिअरबॉक्स उतरवण्याशी त्याचा संबंध नाही, मजुरी वेगळीच पडते. शिवाय वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट म्हातारे झाले की तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळून नेमके तिथेच थेंबते आणि सीलवर आळ येतो. आम्ही मागची बाजू पुसून कोरडी केली, आठवडाभर गाडी थोडी थोडी चालवली आणि बॅटरी लावून वरून पाहिले. ओघळ वरूनच येत होता. गॅस्केट आम्ही शनिवारी सकाळी स्वतः बदलले. चिरंजिवांनी बोल्ट धरून ठेवले, फार न बोलता.

क्लच मात्र अंगणात बदलायचा नाही असे आम्ही ठरवले. हिंमत नव्हती असे नाही, पण गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेला ट्रान्स्फर केस मिळून दीडशे पौंडांच्या वर जातात. त्याआधी खालची स्किड प्लेट काढायची, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडायचे, बेल हाउसिंगवरचा क्रँक सेन्सर आठवणीने काढायचा, नाहीतर तो मोडलाच. वरच्या दोन बोल्टांची डोकी उलट्या चांदणीची, त्यांना नेहमीचा पाना लागत नाही. आमच्या कमरेचे वय आता चाळिशीपलीकडचे आहे.

मग तीन ठिकाणी लेखी अंदाज मागितले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "यात काय नाही?" दुसऱ्या दुकानाचा आकडा ११५० होता, पण त्यात फ्लायव्हील घासून घेणे नाही, स्लेव्ह सिलिंडर नाही, तेल नाही. तिसरा, एकटा काम करणारा मेकॅनिक, गाडीखाली दहा मिनिटे झोपून आला आणि कागदावर लिहून दिले: मजुरी ७ तास, १३५ च्या दराने ९४५. क्लचचा पूर्ण संच, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि दोन्ही बेअरिंगे, २४५. फ्लायव्हील मशीन शॉपमध्ये घासून घेणे ८०. नवा स्लेव्ह सिलिंडर ६५. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचे तेल ६०. एकूण १३९५, कर वेगळा. आम्ही त्यावर अडीचशे राखीव धरले, कारण फ्लायव्हीलला तडे निघाले तर ते नवेच घ्यावे लागते, आणि हे उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

या हिशेबात मजुरीच दोन-तृतीयांश आहे. म्हणूनच प्लेटमध्ये पन्नास डॉलर वाचवू नयेत. स्वस्त प्लेट दोन वर्षांत गेली तर तीच मजुरी पुन्हा भरायची. उलट, शर्यतीचा भारी क्लचही नको. त्याचे पेडल इतके जड की ट्रॅफिकमध्ये गुडघा बोलू लागतो. गाडीवर मोठे टायर चढवलेल्या मंडळींनी थोडा वरचा क्लच घ्यावा हे ठीक, कारण टायर मोठा झाला की गाडी हलवताना क्लच जास्त वेळ घसरवावा लागतो. आमचे टायर मूळ मापाचे. गाडीची किंमत दुरुस्तीच्या पाच-सहापट तरी येते, म्हणून दुरुस्ती करायचे ठरले. सौ.ने तिकिटांचे पैसे हलवू दिले नाहीत. आम्ही नवा टीव्ही पुढे ढकलला आणि दोन महिने जीप उभी ठेवली.

ऑगस्टमध्ये काम झाले. मेकॅनिकने जुने भाग टेबलावर मांडून ठेवले होते. (जुने भाग नेहमी मागून घ्यावेत.) चिरंजीव बरोबर होते. प्लेट रिव्हेटांपर्यंत झिजलेली, पण सगळीकडे सारखी. फ्लायव्हीलवर निळे डाग जवळजवळ नाहीत. मेकॅनिक म्हणाला, नवशिक्याने तीन महिन्यांत जाळली असती तर निळे चट्टे आणि काच झालेला पृष्ठभाग दिसला असता, ही झीज वर्षानुवर्षांची आहे. मग त्याने रिलीज बेअरिंग हातात घेऊन फिरवले. कोरडे, खरखरीत. प्रेशर प्लेटच्या बोटांची टोके चकचकीत घासलेली. "गाडी चालवताना पेडलवर पाय टेकवून कोण ठेवतं?" त्याने विचारले.

चिरंजिवांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही फ्लायव्हीलकडे पाहिले.

धरणावरचे ड्रायव्हरकाका याच सवयीसाठी आम्हांला रागवायचे. "पाय खाली, जमिनीवर," म्हणायचे. तीस वर्षांनी तेच वाक्य परतीच्या वाटेवर मुलाने ऐकवले, "बाबा, पाय खाली." आम्ही माफी मागितली. थोडी उशिरा, पण मागितली.

सुरुवातीचे पाचशे मैल चढ आणि ओझे टाळून प्लेट बसू दिली आणि सप्टेंबरात उरेला गेलो. इंजिनिअर पास १२,८०० फुटांवर आहे. तिथे हवा इतकी विरळ की साध्या इंजिनाची एक-तृतीयांश ताकद जाते, म्हणून माणूस गाडी हलवताना जास्त रेस देतो आणि क्लच घसरवत राहतो. उपाय एकच: चढ सुरू होण्याआधी ट्रान्स्फर केस लो रेंजमध्ये टाका. या जीपमध्ये ती २.७२ पट जोर देते. पहिला गिअर टाकून डावा पाय खाली ठेवा, गाडी आपली आपण मुंगीसारखी चढते. वळणावर थांबावे लागले तर ब्रेकवर थांबा, क्लचवर तोलून धरू नका.

वरचे शेवटचे दोन मैल चिरंजिवांनी चालवले. आम्ही शेजारी बसून दोन्ही पाय जमिनीवर ठेवले होते. पुण्याची तिकिटे निघाली आहेत, १८ डिसेंबरची. पुढच्या अंकात ब्रेकबद्दल लिहू.