विश्लेषण : मायक्रोसॉफ्टने ‘बेल कर्व्ह’ का बंद केला? आणि तो पुन्हा का डोकं वर काढतोय?

अप्रेजलचा मोसम आला की आयटीत काम करणाऱ्यांच्या गप्पांमध्ये एक शब्द हमखास येतो – बेल कर्व्ह. वर्षभर काम चांगलं केलं, मॅनेजरनेही कौतुक केलं, पण रेटिंग मात्र कमी आलं. असं का होतं?

बेल कर्व्ह म्हणजे काय?

टीममधल्या लोकांना ठरलेल्या टक्केवारीत बसवायचं, अशी ही पद्धत. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी ती गाजवली. त्यांचं सूत्र होतं २०-७०-१०. वरच्या २० टक्क्यांना बक्षीस, मधले ७० टक्के ठीक आणि तळाच्या १० टक्क्यांना घरचा रस्ता.

मोठ्या संख्येत असा आलेख बऱ्याचदा दिसतो. पण १० जणांची निवडून घेतलेली टीम म्हणजे काही अख्खी लोकसंख्या नव्हे. दहाही जणांनी उत्तम काम केलं, तरी एकाला तळाशी टाकावंच लागतं. म्हणजे तुमचं रेटिंग फक्त तुमच्या कामावर नाही, तर शेजारी कोण बसलंय यावरही ठरतं.

मायक्रोसॉफ्टमध्ये काय झालं?

मायक्रोसॉफ्टमध्ये ही पद्धत अनेक वर्षं होती. २०१२ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात पत्रकार कर्ट आयकेनवाल्ड यांचा लेख आला. त्यांनी ज्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या सगळ्यांनी याच पद्धतीला कंपनीचं सर्वाधिक नुकसान करणारी म्हटलं होतं. हुशार माणसं हुशार माणसांच्या टीममध्ये जायला कचरत होती. सहकाऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःचं रेटिंग धोक्यात घालणं झालं होतं. स्पर्धा बाहेरच्या कंपन्यांशी करायची की बाजूच्या टेबलाशी, असा प्रश्न होता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली. नव्या मूल्यमापनात दोन गोष्टी आल्या : तुम्ही इतरांच्या यशाला किती हातभार लावला आणि इतरांच्या कामाचा किती चांगला उपयोग केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नडेला सीईओ झाले आणि त्यांनी याच दिशेने पुढे नेलं. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीचं बाजारमूल्य ३ लाख कोटी डॉलर्सवर गेलं. याचं श्रेय एकट्या अप्रेजल पद्धतीला देता येणार नाही. क्लाउड व्यवसायाचा वाटा मोठा आहे. पण अनेक टीम्सनी एकत्र काम केल्याशिवाय तो व्यवसाय उभा राहिला नसता.

भारतात इन्फोसिसनेही २०१५ मध्ये बेल कर्व्ह सोडला.

मग आता पुन्हा चर्चा का?

जानेवारी २०२५ मध्ये मेटाने ‘कमी कामगिरी’ करणाऱ्या सुमारे ५ टक्के कर्मचाऱ्यांना काढण्याची घोषणा केली. आपलं रेटिंग चांगलं होतं, असं काढलेल्यांपैकी काहींनी सांगितलं. इथे खरी मेख आहे. टक्केवारी आधी ठरली की तेवढी नावं शोधावीच लागतात. आणि एकदा ‘कमी कामगिरी’चा शिक्का बसला की पुढची नोकरी शोधतानाही तो पाठ सोडत नाही.

तुम्ही काय विचारू शकता?

पुढच्या अप्रेजलला मॅनेजरला एक साधा प्रश्न विचारा : हे रेटिंग माझ्या कामाचं आहे की कोट्याचं? उत्तर देताना ते अडखळले, तर कर्व्ह अजून जिवंत आहे असं समजा.