ब्रेक पेशीचा, हेलपाटा रुग्णाचा

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला महाड-पोलादपूर. उत्तरेला पनवेल तालुक्यात खारघर, आणि तिथे टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था. जिल्हा एकच. तरी पोलादपूरहून तिकडे जाऊन परत यायचे तर अख्खा दिवस मोडतो. कर्करोगाच्या रुग्णांचे असे काही हेलपाटे निश्चित वाचतील. ते कोणते, हे कळायला मात्र आधी पेशीत डोकावावे लागते.

पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करते, बिघाड तपासते आणि मगच पुढे सरकते. या टप्प्यांची सूत्रे सीडीके नावाच्या कायनेज प्रथिनांकडे असतात. एटीपीवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनाला जोडणे, एवढेच कायनेजचे काम. पण सीडीके एकटे काही करू शकत नाही. त्याला सायक्लिन या प्रथिनाची जोड लागते. हे सायक्लिन दर फेरीत नव्याने तयार होते आणि काम झाले की पेशी ते मोडून टाकते. गंमत अशी, की जोडी जमूनही सीडीके-१ थांबूनच राहते, कारण वी-१ हे दुसरे कायनेज त्याच्यावर फॉस्फेट बसवून त्याला अडवते. कशेडी घाट उतरणाऱ्या एसटीसारखे: इंजिन चालू, पाय ब्रेकवर. सीडीसी-२५ या प्रथिनाने तो फॉस्फेट काढला की विभाजन सुरू. या यंत्रणेच्या शोधासाठी हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१चे नोबेल मिळाले.

खारघरचाही यात वाटा आहे. ॲक्ट्रेकमधल्या सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवले, की डीएनए बिघडलेला असताना पेशीला थोपवून धरायला १४-३-३ गॅमा हे प्रथिन लागते. ते नसेल तर पेशी बिघाडासकट विभाजनात घुसते.

आता औषधाकडे. पाल्बोसिक्लिब सीडीके-४ आणि ६ यांना रोखते, म्हणजे विभाजनालाच ब्रेक लावते. स्तनाच्या विशिष्ट प्रकारच्या, पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. भारतातले पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले, जेनेरिक गोळ्या आल्या आणि किंमत कोसळली. पण अस्थिमज्जेतल्या पेशींनाही वाढायला हीच कायनेज लागतात. म्हणून रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी घटतात. म्हणूनच २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी. शिवाय गोळीच्या अशा दर फेरीच्या सुरुवातीला, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत पंधराव्या दिवशीही, सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, करावी लागते.

गोळी स्वस्त झाली, पण या सीबीसीसाठी पनवेल गाठावे लागले तर ती स्वस्ताई बसभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत जिरते. निदान, स्कॅन, डोस ठरवणे ही तज्ज्ञांचीच कामे. त्यांसाठी जावेच लागेल. साधी सीबीसी मात्र तालुक्याला व्हावी, अहवाल फोनवरून तज्ज्ञांकडे जावा आणि पुढची फेरी सुरू करायची की थांबायचे, हे त्याच दिवशी कळावे. दूरवैद्यक सल्ल्यासाठी ई-संजीवनी ही सरकारी सेवा आहेच. आरोग्य खात्याने ही साखळी लेखी आदेशाने बांधून द्यावी. रुग्णाच्या ओळखीपाळखीवर ती सोडू नये.

पावसाळ्यात तर या साखळीला पर्यायच नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवसांत तापाची साथही असते. न्यूट्रोफिल घटलेल्या बाईला ताप आला, तर पोलादपूरच्या डॉक्टरला ती कोणती गोळी घेते आणि तिची शेवटची सीबीसी काय सांगत होती, हे तिच्या केसपेपरवरच दिसले पाहिजे.