विसार देण्यापूर्वी भिंत पाहा

मकान घ्यायचे ठरले की आपल्या घरांत कागदपत्रे पाहतात, पाण्याची सोय विचारतात, मुलांची शाळा किती लांब ते मोजतात. भिंतीवर तडा दिसला तर मालक म्हणतो, "प्लास्टरचा आहे, रंग दिला की जाईल." आपण मान डोलावतो आणि विसार देऊन मोकळे होतो. या सौद्यात आयुष्यभराची बचत, कधी घरातल्या बाईचे दागिनेही जातात. म्हणून तड्याची थोडी ओळख हवीच.

केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. गिलावा सुकताना आकसतो. बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यातली सरळ, बारीक आडवी भेगही पुष्कळदा निरुपद्रवी असते.

तिरप्या तड्याला मात्र जपावे. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा, एका टोकाला रुंद असलेला तडा पाया खचत असल्याची खूण असू शकतो. काळ्या जमिनीवरच्या घरांत हे विशेष पाहावे. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कॉलमवर उभी भेग, तांबूस डाग आणि सुटलेले पोपडे दिसले तर आतली सळई गंजत असणार. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो. तिथे रंग काय करणार?

भिंतीतली भेग 1 मिलिमीटरच्या आत असेल तर ती सहसा किरकोळ. 5 मिलिमीटरच्या पुढे गेली, किंवा कॉलम-बीमवर कितीही बारीक असली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नये. तडा भिंतीच्या पलीकडेही उमटला आहे का? दार चौकटीत अडते का? एकाच भिंतीला ताजा रंग का? मालकाची परवानगी घेऊन तड्याच्या टोकांवर पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहा.

जुन्या सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. नव्या फ्लॅटला रेरा कायदा, 2016 लागू असेल तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या.

मालातला ऐब सांगून विकावा, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहेच. पण घेणाऱ्यानेही विचारायची भीड धरू नये. इंजिनिअरची फी जड वाटते, तरीही ती विसार देण्याआधीच खर्च करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू.