खेळ रचणाऱ्याने आधी काय वाचावे?

संगणकीय खेळ रचू पाहणारा नवशिका बहुधा सॉफ्टवेअर शिकवणारे पुस्तक आधी हाती घेतो. आम्हांला हा क्रम उलटा वाटतो. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की असे पुस्तक शिळे होते. ख्रिस क्रॉफर्ड यांचे १९८४चे ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर गेम डिझाइन’ मात्र आजही वाचनीय आहे. कारण खेळ म्हणजे काय आणि माणसे तो का खेळतात, या प्रश्नांपासून ते सुरू होते.

त्यानंतर ट्रेसी फुलर्टन यांचे ‘गेम डिझाइन वर्कशॉप’ घ्यावे. आधी कागदावर खेळ मांडा, इतरांना खेळू द्या, मग नियम बदला, असा त्यांचा आग्रह. पहिला खर्डा फाडण्याची ही शिस्त साहित्याच्या विद्यार्थ्याला परकी नाही. अवघड आहे ते पुढचे : कथेचा शेवट लेखक ठरवतो, खेळ रचणाऱ्याला नियम लिहून शेवट खेळणाऱ्यावर सोपवावा लागतो. हे सोपवणे कोणतेही सॉफ्टवेअर शिकवत नाही.