रोग्याने प्रश्न विचारावेत



कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, हे मी गेली कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्यातून निघणारे गॅमा किरण कर्करोगाच्या गाठीवर सोडतात, हेही सांगतो. परंतु दोन वर्षांपूर्वी वसमत तालुक्यातील माझ्या आत्याच्या स्तनात गाठ आली, तेव्हा हे ज्ञान माझ्याच घरी पोचले नव्हते असे आढळले. "शेक घेतला की माणूस करपतो, अन् लेकराबाळांनाही ते लागतं," असे तिला कोणी सांगितले होते. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. हळदीने गाठ विरघळते, हेही तिने ऐकले होते. चार महिने ती हळदच घेत राहिली. मला कळले तेव्हा गाठ वाढली होती. चूक तिची नव्हे, वेळीच न सांगणाऱ्या माझी.

प्रथम हळदीचे पाहू. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत काचपात्रात वाढवलेल्या कर्कपेशींवर परिणाम करते, हे खरे. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. आणि हळदीने माणसाचा कर्करोग बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. काचपात्र म्हणजे माणूस नव्हे.

आता 'शेक'. किरणोपचारात गाठ भाजत नाहीत. किरण पेशीतील डीएनए तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करतात. कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही. म्हणून मात्रा एकदम न देता रोज थोडी, सहसा आठवड्यातून पाच दिवस, अशी काही आठवडे देतात. शिवाय किरण अनेक दिशांनी सोडतात. अंधारात चार विजेऱ्या एकाच बिंदूवर रोखा. बिंदूवर चौघींचा प्रकाश पडतो. वाटेत कोठेही कागद धरला, तर त्यावर एकीचाच. कातडी लाल होणे, थकवा येणे, असे त्रास होतात. ते लपवू नयेत. मात्र दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश उरत नाही, तसे यंत्रातून घेतलेले किरणही अंगात उरत नाहीत. आजीने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे!

स्तनाचा कर्करोग लवकर सापडला, तर केवळ गाठ काढून किरणोपचार घेणे आणि संपूर्ण स्तन काढणे, या दोन्ही मार्गांनी रोगी सारखेच जगतात, असे इटली व अमेरिकेतील वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ साली दिसून आले. म्हणजे निवड रोग्याचीही असते. आत्याला ती उरली नाही. तिचा स्तन काढावा लागला. आज ती आपल्यात आहे, हे सुदैव.

"रोग्याला सारे सांगितले तर तो खचेल," असे पुष्कळ जण म्हणतात. मला हे पटत नाही. आत्या खचली ती अर्धवट ऐकून. डॉक्टरांनी चित्र काढून समजावले, तेव्हा ती सावरली. नव्याचा मोहही असाच अर्धवट ऐकण्यातून होतो. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या कार-टी पेशी उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट. पण तो रक्ताच्या काही विशिष्ट कर्करोगांसाठी आहे, प्रत्येक गाठीसाठी नव्हे.

तेव्हा घरात कोणी आजारी पडले, तर एक वही घेऊन तुम्ही सोबत जा. विचारा: बायोप्सीत नेमके काय निघाले? रोग कोणत्या टप्प्यात आहे? उपचार रोग बरा करण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी? दुसरा मार्ग आहे काय? किती दिवस व किती खर्च लागेल? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसते काय? उत्तरे लिहून घ्या व घरी आपल्या बोलीत वाचून दाखवा.

आणि शिक्षकबंधूंनो, किरणोत्साराचा धडा अर्धायुष्याच्या गणितावर थांबवू नका. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी त्या धड्याची आजच गरज असेल.