पौरुषाचा बाजार

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या औषधांवरील इशाऱ्यात बदल करावयास सांगितले. हृदयविकाराच्या वाढत्या धोक्याविषयीचा मजकूर सौम्य झाला आणि रक्तदाब वाढण्याचा इशारा सर्व प्रकारांना लागू झाला. यातून 'औषध निर्धोक ठरले' एवढाच अर्थ काढणे विक्रेत्यांच्या सोयीचे आहे. म्हणूनच नेमके काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे शांतपणे पाहणे अगत्याचे ठरते.

या औषधाची खरी गरज असणारे रुग्ण आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जन्मजात दोषामुळे, गाठीमुळे वा शस्त्रक्रियेमुळे ज्यांची वृषणे किंवा मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी निकामी झाली आहे, त्यांना हे संप्रेरक बाहेरून द्यावे लागते. ते न मिळाल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, स्नायू क्षीण होतात. १९३५ साली हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. बुटेनांट व रुझिका यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनासाठी मिळाले, त्यात या कामाचा अंतर्भाव होता. अशा रुग्णांच्या दृष्टीने ते विज्ञानाचे वरदानच आहे.

परंतु थोड्या रुग्णांच्या गरजेवर मोठा नफा उभा राहत नाही. त्यासाठी गिऱ्हाईक वाढवावे लागते. वयाबरोबर पुरुषाच्या रक्तातील हे संप्रेरक हळूहळू घटते. या घटीलाच रोगाचे नाव दिले की उतारवयाकडे झुकलेला प्रत्येक पुरुष रुग्ण होतो. अमेरिकेत औषधाची जाहिरात थेट जनतेपुढे करण्यास मुभा आहे. थकवा येतो काय, चिडचिड होते काय, जेवणानंतर डुलकी लागते काय, अशा प्रश्नावल्या तेथे लोकांपुढे ठेवण्यात आल्या. परिणामी २००१ ते २०११ या दशकात चाळिशीपुढील पुरुषांतील वापर तिपटीहून अधिक वाढला. त्यांपैकी अनेकांच्या रक्ताची आधी तपासणीदेखील झालेली नव्हती.

अखेर मार्च २०१५ मध्ये त्या देशाच्या प्रशासनाने बजावले की, केवळ वय झाले म्हणून हे औषध देण्याला मान्यता नाही. आणि हृदयावरील परिणामांची चाचणी कंपन्यांनी करावी. त्या चाचणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. अंगाला लावण्याचे सुप्रसिद्ध जेल २००० सालापासून विकले जात होते. म्हणजे विक्री आधी आणि मोठी परीक्षा तेवीस वर्षांनी, असा हा उलटा क्रम!

निष्कर्ष मात्र पूर्वग्रह बाजूला ठेवून स्वीकारला पाहिजे. हृदयविकार असलेल्या किंवा तो होण्याचा धोका असलेल्या, लक्षणे व कमी संप्रेरक-पातळी दोन्ही आढळलेल्या ५,२०४ पुरुषांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा त्यांमुळे मृत्यू यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के आढळले. ती भीती या चाचणीत खरी ठरली नाही. तथापि हृदयाची लय बिघडणे, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे व मूत्रपिंडास इजा होणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. हाडे बळकट होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अस्थिभंगही त्यांच्यातच जास्त झाले. शिवाय सहभागी झालेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिकांनी औषध मध्येच सोडले होते. तेव्हा हा दिलासा मर्यादित आहे.

लाभाचे काय? पासष्टीपुढील ७९० पुरुषांवरील प्रयोगांत, ज्यांचे पहिले निष्कर्ष २०१६ साली आले, कामेच्छेत माफक सुधारणा दिसली. थकवा मात्र हटला नाही. त्यातच बाहेरून दिलेल्या संप्रेरकाने वृषणांचे स्वतःचे कार्य मंदावते आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते. अपत्याची आस असलेल्या तरुणाला ही गोष्ट न सांगता सुई टोचणे हा अपराध आहे.

भारतात १९५४ च्या कायद्याने लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे, तरी भिंतीभिंतींवर त्या रंगलेल्या दिसतात. व्यायामशाळेत कोणी चिठ्ठीविना सुई देऊ केली, तर तरुणाला सावध करणे हे वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. सकाळी दोन वेगवेगळ्या दिवशी केलेली रक्ततपासणी, कमतरतेच्या कारणाचा शोध आणि उपचार सुरू झाल्यावर रक्ताच्या दाटपणावर व पुरःस्थ ग्रंथीवर लक्ष, एवढे तरी झालेच पाहिजे. ही तपासणी आणि खऱ्या रुग्णाचे औषध सार्वजनिक रुग्णालयात मिळावे, ही मागणी रास्त आहे.

रात्रपाळी, अपुरी झोप, वाढते वजन आणि मधुमेह यांनी खचलेल्या माणसाला 'तुझे पौरुष कमी पडते' असे सांगणे सोपे असते. त्याला किती तास राबावे लागते आणि किती तास झोपावयास मिळते, हे विचारणे अवघड असते. कारण त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बाटलीत भरून विकता येत नाही.