गाजरगवतावरचा पट्ट्यांचा भुंगा : फवारा मारण्याआधी ओळखा

पावसाळ्यात गावठाणात, बांधावर, रस्त्याकडेला गाजरगवत माजतं. त्यावर मळकट पांढरे, पाठीवर काळपट रेषा असलेले छोटे भुंगे दिसले की, "नवीन कीड आली, आता पिकावर येणार" म्हणून काही जण थेट पंप काढतात. नुकसान इथंच होतं. हा भुंगा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे.

आला कुठून?
याचं नाव झायगोग्रामा, बोलण्यात मेक्सिकन भुंगा. लांबी जेमतेम 6 मिलिमीटर. गाजरगवत म्हणजेच काँग्रेस गवत 1955 च्या सुमारास पुण्यात आढळलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, माणसाला खाज आणि दम्याचा त्रास होतो. म्हणून 1983 मध्ये हा भुंगा मेक्सिकोतून बंगळुरूला आणला आणि चाचण्यांनंतर 1984 मध्ये सोडला. भुंगा पानं खातो, तर अळ्या कोवळे शेंडे आणि कळ्या फस्त करतात. त्यामुळे फुलं कमी येतात, बी कमी पडतं.

हिवाळ्यात गायब का होतो?
थंडीच्या सुमारास बहुतेक भुंगे जमिनीत शिरून निपचित पडून राहतात. पावसानं माती भिजली की पुन्हा वर येतात. म्हणजे दिसेनासे झाले तरी ते मेलेले नसतात.

पिकाला धोका?
1990 नंतर कर्नाटकात सूर्यफुलावर हा भुंगा दिसला आणि मोठी ओरड झाली. गाजरगवताचे परागकण पानांवर पडल्यानं तो तिकडे वळला, असं तपासणीत पुढे आलं. सूर्यफुलावर त्याची पिढी नीट वाढत नाही.

हुमणीचा भुंगेरा मात्र वेगळा. तो आकारानं मोठा, तपकिरी असतो आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतो. त्याचा बंदोबस्त करायलाच हवा.

मग करायचं काय?
एकट्या भुंग्यावर विसंबून भागत नाही. गाजरगवताचं एक झाड हजारो बिया टाकतं आणि भुंग्याचा जोर पावसाळ्यापुरताच असतो. वस्तीजवळचं गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटा. पडीक जागेत भुंगे दिसले तर तिथं फवारणी नको. शंका आली तर फोटो काढून कृषी सहायकाला दाखवा, मगच औषधाला हात घाला.